दावीदाचा तंबू, शलमोनाचा मांडव

पुणे शहरात यहुद्यांची दोन प्रार्थनामंदिरे आहेत. एक लष्कर भागात, मोलेदिना रस्त्यावर. तांबड्या विटांचे आणि उंच मनोऱ्याचे हे मंदिर पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या 'लाल देऊळ' म्हणून ओळखतात. दुसरे रास्ता पेठेत, घरांच्या दाटीत सहज नजरेत न भरणारे. पहिल्याचे नाव 'ओहेल दावीद', म्हणजे दावीदाचा तंबू. दुसऱ्याचे नाव 'सुक्काथ शेलोमो', म्हणजे शलमोनाचा मांडव. बायबलाच्या क्रमाने बाप आणि लेक. पण आम्हांला अधिक लक्षणीय वाटते ते हे की, विटाचुन्याच्या या दोन्ही पक्क्या इमारतींना नावे मिळाली ती उचलून नेण्याजोग्या, तात्पुरत्या निवाऱ्यांची. ज्या समाजाचा मोठा भाग पुढे या शहरातून उठून गेला, त्याच्या मंदिरांना तंबू आणि मांडव म्हणावे, हा योगायोग खरा. पण त्याच्या मागे एक इतिहास आहे, आणि तो मराठी भाषेच्या अभ्यासकांनी जाणून घ्यावा असा आहे.

हा इतिहास सर्वांत ठळकपणे दिसतो तो शरद ऋतूत. यहुदी पंचांगातील तिश्री महिना म्हणजे सणांची रांगच. पहिल्या तिथीला नववर्ष, रोश हशाना. दहाव्या तिथीला प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. पंधराव्या तिथीपासून सात दिवस मांडवांचा सण, सुक्कोथ. आणि त्याला लागून तोराच्या वाचनाची वार्षिक आवृत्ती पूर्ण करून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचा आनंदसोहळा, सिम्हाथ तोरा. या सगळ्यांच्या आधीचा एलुल महिना पहाटेच्या क्षमायाचनेच्या प्रार्थनांचा, सेलिहोथचा. एरवी वर्षभर सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा प्रौढ पुरुष, म्हणजे 'मिन्यान', जमवताना जिथे मारामार होते, तिथे या महिन्यात बाके भरतात.

आपल्या पंचांगाशी या महिन्याचे नाते विलक्षण जवळचे आहे. यहुदी पंचांगही आपल्यासारखेच चांद्रसौर. महिना अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाशी बांधलेला, आणि ऋतू ढळू नयेत म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घातलेले. साहजिकच पुष्कळ वर्षी तिश्रीची प्रतिपदा घटस्थापनेच्या आसपास येते, योम किप्पूर विजयादशमीच्या आणि सुक्कोथ कोजागरीच्या. २००६ साली योम किप्पूर आणि दसरा हे दोन्ही २ ऑक्टोबरला होते. बरोबर एकोणीस वर्षांनी, २०२५ सालीही ते दोन्ही २ ऑक्टोबरलाच आले. अधिक मासाचा हिशेब दोन्हीकडे जुळला नाही, की जोडी महिनाभर सरकते. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता, त्यामुळे तिश्रीची चतुर्थी गणेश चतुर्थीच्या दिवशी, १९ सप्टेंबरला आली. चतुर्थीचा उल्लेख आम्ही सहेतुक केला आहे. तिचा संबंध पुढे येईल.

पुण्यातील यहुदी मुख्यतः बेने इस्रायल. त्यांची मूळभूमी कोकण. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरागत उत्पत्तिकथा. कोकणच्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, पेणकर, अष्टमकर. भाषा मराठी झाली. हिब्रू ग्रंथ हातात नव्हते. उरल्या होत्या त्या 'शेमा' या प्रार्थनेच्या काही ओळी, शब्बाथ, सुंता, आहारातले काही निर्बंध आणि सणांच्या तिथी.

आणि या सणांना नावे होती मराठी. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात ती नोंदली आहेत. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. चतुर्थीला 'खिरीचा सण'. योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण', दारे लावून घेण्याचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. तिश्रीच्या तृतीयेचा उपवास तो 'नव्याचा रोजा', एलुल महिन्यातले उपवास ते 'रमजान', आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस तो 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खायचे.

या शब्दांकडे भाषेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले, तर एक वाटणी स्पष्ट दिसते. जेवणाखाण्याचे, आनंदाचे दिवस ते सण; उपवासाचे ते बहुधा रोजे. प्रेषित एलियाच्या नावाने होणारा तो 'उरूस'. धर्मविधी चालवणारा तो 'काझी'. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिरही लोकांच्या तोंडी 'जुनी मशीद' होते. शेजारी हिंदू आणि मुसलमान. दोघांकडून जो शब्द ज्या गोष्टीला चपखल बसला, तो या समाजाने उचलला. केवळ योम किप्पूर हा कडक उपवासाचा दिवस असूनही 'सण'च राहिला. आमच्या मते हा अपवाद बोलका आहे. वर्षातला सर्वांत पवित्र दिवस रोज्यांच्या यादीत बसवण्याजोगा त्यांना वाटला नसावा.

'नव्याचा सण' हे नाव ऐकताच कोकणातल्या वाचकाला 'नव्याची पुनव' आठवेल. आश्विन पौर्णिमेला नवे भात घरात आणण्याचा, नवान्नाचा तो दिवस. म्हणजे 'नव्याचा' हा शब्द बोलताना कोकणी यहुद्याच्या मनात नवे वर्ष होते की नवे धान्य, हे वेगळे काढता येत नाही, आणि काढण्याची त्याला गरजही पडली नसेल. खिरीच्या सणाला तर नव्या धान्याची खीर, तीही नारळाच्या रसात केलेली, ऊद जाळून आणि 'शेमा' म्हणून खाल्ली जाई. सुक्कोथ हा मुळात पीक घरी आल्याचा सण. कोकणच्या या मौखिक परंपरेत मांडव घालण्याचा सुक्कोथ दिसत नाही. दिसते ती ही नव्या धान्याची खीर. या दोहोंत नाते असावे, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. मांडव विसरला गेला आणि धान्य लक्षात राहिले, असे फार तर म्हणता येईल.

दारफाळणीच्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, बाहेरच्यांचा स्पर्श टाळून, दारे लावून घरात बसायचे. मंदिर नव्हते, पोथी नव्हती, गुरू नव्हता. दार तेवढे होते. तेच विधीचे साधन झाले. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दार उघडायचे, गोरगरिबांना दानधर्म करायचा, आप्तेष्टांकडे जायचे. 'शिळा' या शब्दात येथे कमीपणा नाही. आदल्या दिवसाचे उरलेले पुण्य दुसऱ्या दिवशी वाटून टाकायचे, असा त्याचा भाव आम्हांला जाणवतो.

हे सारे बदलले ते एकोणिसाव्या शतकात, आणि बदलाच्या वाटा अनेक होत्या. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थनेची रीत आणि उच्चार शिकवले. त्यांत शेलोमो सालेम शुर्राबी हे प्रमुख. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी धर्मांतराच्या आशेने हिब्रू शिकवली. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण दिले. समाजाने हिब्रू घेतली आणि धर्मांतर बहुतांशी नाकारले. कंपनीच्या फौजेतल्या नोकऱ्यांनी बेने इस्रायल कुटुंबे कोकणातून मुंबईत, पुण्याच्या छावणीत, अहमदाबादेत आणि कराचीत नेली. पुढे रेल्वे, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांनी ती तिथे स्थिरावली. शहरात सणासाठी एकत्र जमणे शक्य झाले. घरातला दिवस मंदिरात आला.

येथे एका गैरसमजाला जागा देऊ नये. हिब्रू आली म्हणून मराठी गेली, असे झाले नाही. उलट हिब्रू धर्म या समाजात रुजला तो मराठीच्या हाताने. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात १८७४ साली वल्हांडणाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. मोशे जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर हे तिचे प्रकाशक. या पुणेरी हग्गादातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून बसलेल्या आहेत. १८८० साली मुंबईत बेने इस्रायलांचे कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन झाले आणि अब्राहामाचे चरित्र मराठी कीर्तनात रंगू लागले. ज्या वर्षांत पुण्यात निबंधमाला निघत होती, त्याच वर्षांत त्याच शहरात हे मराठी छापले जात होते. आमच्या एम. ए. च्या अभ्यासक्रमातील एकोणिसाव्या शतकाच्या गद्यात मिशनऱ्यांचे मराठी आहे, पंडितांचे आहे, सुधारकांचे आहे. तळकरांचे आणि राजपूरकरांचे मराठी नाही. हे आम्ही इतरांना उद्देशून म्हणत नाही; वर्षानुवर्षे तो अभ्यासक्रम आम्हीच शिकवत आलो आहोत.

आता पुण्याच्या दोन मंदिरांकडे वळू. लाल देऊळ बांधले ते बेने इस्रायलांनी नव्हे. बगदादहून मुंबईत येऊन अफाट व्यापार उभारणारे डेव्हिड ससून यांनी त्याचे काम १८६३ साली सुरू केले. वास्तुरचनाकार होते हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. नोव्हेंबर १८६४ मध्ये ससून पुण्यातच वारले. इमारत १८६७ साली पुरी झाली, आणि तिच्याच आवारात त्यांची समाधी आहे. बगदादी यहुदी अरबी बोलत, पुढे इंग्रजी बोलू लागले. मराठी बोलणाऱ्या, सावळ्या, शनिवार तेल्यांच्या वंशजांशी त्यांचे नाते सरळ नव्हते. मुंबईच्या यहुदी दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालावी, असा अर्ज १८३६ सालीच बगदादी मंडळींनी सरकारकडे केला होता, आणि त्यांत ससून होते. मिन्यानसाठी बेने इस्रायल पुरुष मोजावा की नाही, तोरा वाचायला त्याला बोलवावे की नाही, हे वाद पुढे शंभर वर्षे चालले. रंगूनमध्ये तर प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३५ साली निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला.

या पार्श्वभूमीवर रास्ता पेठेतले १९२१ सालचे मंदिर पाहावे. स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या बळावर उभारलेल्या त्या वास्तूला बेने इस्रायलांनी नाव दिले ते सुक्क्याचे, म्हणजे कोकणातल्या त्यांच्या पूर्वजांच्या मराठी सणांच्या यादीत जो आढळत नाही, नेमक्या त्याच सणाच्या मांडवाचे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते, ते सांगण्याचा आम्ही आव आणत नाही. पण जे हरवले होते ते परत मिळाल्याची खूण त्या नावात वाचता येते, एवढे नक्की.

येथे मराठीच्या प्राध्यापकांची एक सवय आम्ही स्वतःत पाहिली आणि ती सांगणे आवश्यक आहे. 'खिरीचा सण', 'दारफाळणी', 'शिळा सण' ही नावे प्रथम वाचली तेव्हा आम्ही हरखून गेलो, आणि पाठोपाठ हळहळलो: एवढे सुंदर शब्द या लोकांनी टाकून कसे दिले? वर्गातही आम्ही तसेच बोललो. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ते शब्द ठेवले असते तर त्यांना यहुदी म्हणून कोणी मानलं असतं का?" आम्हांला उत्तर देता आले नाही, कारण उत्तर तिच्या प्रश्नातच होते.

शब्द टाकणे ही या समाजाची हौस नव्हती. ज्याच्या सणाला खीर आहे आणि मांडव नाही, ज्याच्या उपवासाला रोजा म्हणतात, त्याला 'तू खरा यहुदी कसा?' असे विचारणारे कोणी ना कोणी सतत भेटत राहिले: आधी मुंबईत आणि रंगूनमध्ये, पुढे इस्रायलमध्ये. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथल्या धर्मपीठाने त्यांच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या विवाहांना चौकशीची अट घातली. त्यांना निदर्शने करावी लागली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव करून त्यांची समानता मान्य केली, तेव्हा तो प्रश्न निवळला. आपल्याला गोड वाटणाऱ्या मराठी शब्दांची किंमत त्यांनी अशी चुकवली. ते शब्द जपण्याची मागणी आपण करणे फार सोपे आहे. आपल्याला कोणीही दाखला मागितलेला नाही.

मग मराठीचे काय उरले? आमच्या मते, पाहायचे कुठे ते ठाऊक असेल तर पुष्कळ उरले. नावे गेली, पण स्वयंपाकघर गेले नाही. नववर्षाला बेने इस्रायल घरांत गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तो नारळाच्या दुधात; मांस आणि गाईम्हशीचे दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून कोकणचा नारळ धर्माज्ञेला धावून आला. जी खीर सण म्हणून लोपली, तिचा नारळाचा रस असा दुसऱ्या वाटेने पंगतीत राहिला. मद्यावरच्या आशीर्वादासाठी शास्त्रशुद्ध द्राक्षासव मिळत नसे, तेव्हा मनुका भिजवून केलेले सरबत चालू झाले. नवसाच्या आणि मंगलकार्याच्या 'मलिद्या'त गूळखोबऱ्याचे गोड पोहे आहेत, आणि ज्याच्या नावाने तो होतो त्या एलिया प्रेषिताच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात. प्रार्थना संपल्यावर एकमेकांचे हात हातांत घेऊन मग स्वतःची बोटे ओठांना लावण्याची जी रीत आहे, तिला 'हातबोशी' म्हणतात. सुक्क्याच्या छतावर झावळ्या चढतात. आणि सुक्कोथला हातात धरायच्या चार वनस्पतींत जे लिंबाच्या जातीचे फळ असते, ते तर आपले महाळुंगच, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक काढले, ते हिब्रूच्या देशात.

पुण्यातली संख्या मात्र रोडावली. २००१च्या जनगणनेत साऱ्या भारतात पाच हजारही यहुदी नव्हते. त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. दर्जाने मिन्यान पूर्ण होत नाही, पण आपण मोजले जातो ही भावनाही क्षुल्लक नाही; शंभर वर्षे वाद चालला तो मोजण्याचाच होता. ज्या लाल देवळाच्या संस्थापकाच्या समाजाने एकेकाळी बेने इस्रायलांना अंतरावर ठेवले, तेथे आज प्रार्थनेला येणारे बहुतेक बेने इस्रायलच आहेत. बगदादी निघून गेले. ससूनचा तंबू राखण्याचे काम कोकणातल्या घाण्यांवरून आलेल्यांच्या वंशजांकडे आले. रास्ता पेठ आणि लष्कर, मांडव आणि तंबू, दोन्ही ठिकाणी पणत्या लावायला माणसे तीच थोडीशी. म्हणूनच तिश्रीत प्रत्येकाचे येणे केवळ भक्तीचे नसते. दहावा पुरुष आला नाही तर उरलेल्या नऊ जणांची सामुदायिक प्रार्थना अपुरी राहते. आपल्या उत्सवांत एक माणूस कमी आल्याने काही अडत नाही. येथे एकामुळे सगळ्यांचे अडते. समाजाचा सहभाग या आपल्या गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने आम्हांला दुसरीकडे कळला नाही.

२०२५च्या २ ऑक्टोबरला पुण्यात दसरा होता. रस्त्यांवर झेंडूचे ढीग, गाड्यांना हार, संध्याकाळी हातोहाती आपट्याची पाने. त्याच दिवशी, त्याच शहरात, थोडी माणसे पांढऱ्या कपड्यांत निर्जळी उपवास धरून होती, आणि सूर्यास्ताला, दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी, स्वर्गाचे दार आता लागणार या भावनेने उभी होती. त्या प्रार्थनेचे नाव 'नेइला'. नेइला म्हणजे लावून घेणे, बंद करणे. कोकणातल्या ज्या निरक्षर पूर्वजांनी या दिवसाला 'दारफाळणी' म्हटले, त्यांच्याजवळ हिब्रू पोथी नव्हती. पण दाराची आठवण त्यांनी सांभाळली होती. आपल्या मराठी शब्दाने त्यांना यहुदीपणापासून दूर नेले, असे मानणाऱ्यांनी, आणि मानून ओशाळलेल्यांनीही, हे एवढे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, जुन्या हिशेबाने शिळा सण होता. त्या नावाने तो आता कोणी पाळत असेल असे वाटत नाही. पण दार उघडून शेजाऱ्याकडे जाण्याचा तो दिवस होता, आणि शेजारी म्हणून त्या दिवशी आपणही कोणाच्या दाराशी जायला हरकत नव्हती. आमच्या पुढच्या वर्षीच्या अध्यापनात एकोणिसाव्या शतकाच्या गद्याबरोबर पुणेरी हग्गादाची काही पाने असतील, असे आम्ही ठरवले आहे. उशिरा का होईना, आमच्याकडून एवढे जाणे घडावे.